ससा, लांडगा आणि माळरान : हेर्मान ल्योन्सच्या कादंबऱ्यांविषयी

आज आपण ज्या लेखकाबद्दल बोलणार आहोत, त्याचं नाव मराठी वाचकाच्या कानावरून सहसा गेलेलं नसतं. हेर्मान ल्योन्स. उत्तर जर्मनीत मात्र हे नाव रस्त्यांच्या पाट्यांवर दिसतं, रानातल्या स्मारकशिळांवर कोरलेलं दिसतं. त्यानं लिहिलेली गाणी लोकगीतं समजून गायली गेली, म्हणजे गाणाऱ्याला लेखकाचं नाव ठाऊक नसलं तरी चालेल इतकी ती पसरली. आणि याच नावावरून तिथे आजही वाद होतात. कुणी म्हणतं, निसर्गावर जीव लावणारा साधा माणूस होता, नाझींनी त्याला पळवला. कुणी म्हणतं, पळवायची गरजच नव्हती, तो आधीपासून त्याच वाटेवर उभा होता.

आम्हाला या दोन्ही उत्तरांनी समाधान होत नाही. पहिलं उत्तर पुस्तक न उघडता देता येतं आणि दुसरंही. तेव्हा आज आपण पुस्तकं उघडू. एकच प्रश्न हातात धरू: ज्या लेखकाला शिकार होणाऱ्या सशाच्या डोळ्यांनी जग पाहता आलं, त्याला शिकार होणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी ते का पाहता आलं नाही?

आधी माणूस कोण होता ते बघू. ल्योन्सचा जन्म २९ ऑगस्ट १८६६ चा. गाव कुल्म, तेव्हाच्या पश्चिम प्रशियातलं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव हेल्मनो. वडील शाळामास्तर, मूळचे वेस्टफालियाकडचे. बदलीच्या नोकरीमुळे ल्योन्सचं बालपण पूर्वेकडच्या त्या सरहद्दीच्या मुलखात गेलं. तिथे जर्मन आणि पोलिश भाषा शेजारी-शेजारी नांदत होत्या आणि त्यांच्यातली तेढही वाढत होती. १८८४ च्या सुमाराला घर म्युन्स्टरला आलं. पोरानं वैद्यकीला नाव घातलं, मग निसर्गविज्ञानाकडे वळला, ग्राइफ्सवाल्ड, ग्योटिंगेन, म्युन्स्टर अशी विद्यापीठं झाली, पदवी मात्र एकही हाती लागली नाही. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: गोगलगायी आणि शिंपल्यातले मृदुकाय प्राणी हा त्याचा खास अभ्यासाचा विषय होता. म्हणजे चिखलात गुडघे टेकून, बोटाच्या पेराएवढ्या जिवाकडे तासन्‌तास बघण्याची सवय त्याला होती. ती त्याच्या गद्यात शेवटपर्यंत टिकली.

पदवी नाही, मग पोट भरायला वर्तमानपत्र. १८९३ मध्ये हानोव्हरला 'हानोव्हरशर अन्त्सायगर' हे नवं दैनिक निघालं, तिथे तो लागला. शहरातल्या घडामोडींवर तो खुसखुशीत सदर लिहायचा, टोपणनाव घेतलं होतं 'फ्रिट्झ फॉन डेर लाइन'. लाइन म्हणजे हानोव्हरची नदी. पुढे १९०७ ते १९०९ तो ब्युकेबुर्ग या चिमुकल्या संस्थानी राजधानीत एका वर्तमानपत्राचा संपादक होता. दारूचं व्यसन जडलेलं, दोन लग्नं झाली आणि दोन्ही मोडली, मनाचा तोल अधूनमधून जायचा. सुट्टी मिळाली की हा माणूस खांद्यावर बंदूक टाकून हानोव्हरच्या उत्तरेला, ल्यूनेबुर्गच्या माळरानावर जायचा.

हे माळरान म्हणजे काय, ते जरा डोळ्यांपुढे आणू. जर्मन भाषेत त्याला 'हायडे' म्हणतात. रेताड, निकस जमीन. तिच्यावर हीथर नावाचं गुडघाभर झुडूप मैलोन्‌मैल पसरलेलं. ऑगस्टच्या शेवटी ते फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. मधूनमधून जुनिपरची काळपट झाडं उभी, कुठे दलदल, कुठे ओकच्या झाडांच्या आड लपलेली एकेकटी शेतघरं. आणि 'हायडश्नुके' नावाच्या राखाडी, लांबकेसाळ मेंढ्यांचे कळप. ल्योन्सच्या जवळजवळ सगळ्या चांगल्या लेखनाची भूमी हीच.

आता गंमत बघा. हा लेखक त्या माळावरचा नव्हे. जन्मानं पश्चिम प्रशियाचा, घराण्यानं वेस्टफालियाचा, धंद्यानं हानोव्हरचा पत्रकार. रविवारी माळावर जाणारा पाहुणा. आणि तोच पुढे या माळावरच्या शेतकऱ्याच्या रक्ताची आणि मातीची ग्वाही देणारा लेखक झाला. यात फसवणूक होती असं आम्हाला म्हणायचं नाही. बाहेरून आलेल्याला एखादा मुलूख अधिक नीट दिसू शकतो. मात्र आपणही बाहेरून आलो आहोत, हे ज्या लेखकाला विसरायचं असतं, त्याच्या लेखनात बाहेरच्या माणसाचं काय होतं, हे बघण्यासारखं असतं.

तो एकटाच असं लिहीत होता असंही नाही. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झालं तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोक दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावांत राहत होते. १९१० पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर आलं. एका पिढीत गावं रिकामी झाली आणि कारखान्यांची शहरं फुगली. या उलथापालथीत १९०० च्या आसपास 'हायमाटकुन्स्ट' नावाची चळवळ उभी राहिली. 'हायमाट' या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही. जन्मगाव, आपला मुलूख, जिथे गेल्यावर जिवाला बरं वाटतं ती जागा, असं सगळं त्यात येतं. हायमाटकुन्स्ट म्हणजे या मुलखाची कला. बर्लिनच्या कॉफीहाउसात बसून लिहिलेल्या साहित्याला ती विरोध करत होती. आडोल्फ बार्टेल्स आणि फ्रीडरिश लीनहार्ड हे तिचे बोलके पुढारी. यांतला बार्टेल्स तर उघड ज्यूद्वेष्टा होता. तेव्हा 'शहर' म्हणजे काय, आणि शहरातला 'परका' म्हणजे कोण, याची उत्तरं या चळवळीत सुरुवातीपासूनच ठरत चालली होती.

एक गोष्ट मात्र चटकन ध्यानात येत नाही. ही गावाची पुस्तकं वाचत कोण होतं? पहाटे उठून मेंढ्या हाकणारा शेतकरी नव्हे. वाचत होता शहरातला मास्तर, कारकून, दुकानदार, त्याची मुलगी. गाव सोडून आलेला, किंवा ज्याच्या बापानं गाव सोडलं असा वाचक. त्याला गाव परत हवं होतं, पण राहायला नको होतं. वाचायला हवं होतं.

ल्योन्सचा कस त्याच्या प्राण्यांच्या गोष्टींत लागतो, म्हणून तिथून सुरुवात करू. १९०९ मध्ये 'म्युमेलमान' नावाचा संग्रह निघाला. म्युमेलमान हे एका म्हाताऱ्या सशाचं नाव. हाके घालून होणारी मोठी शिकार चालू आहे. बंदुकवाले ओळीनं उभे, हाकारे गलका करताहेत, आणि ही सगळी धांदल आपण बघतो ती गवतात दबून बसलेल्या सशाच्या बाजूनं. म्हातारा ससा कसलेला आहे. माणसांच्या खोडी त्याला ठाऊक आहेत. ही मंडळी कुठे उभी राहतील, कुत्रं कुठून येईल, याचे त्याचे ठोकताळे आहेत. गोष्ट हसवते आणि हसता हसता घसा दाटून येतो, कारण शेवटी ससा तो ससाच.

लक्षात घ्या, हे लिहिणारा स्वतः शिकारी आहे. शिकार करू नये असा उपदेश त्याला करायचा नाही. तरीही लिहिताना तो बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. ज्याच्यावर नेम धरलाय त्याला नाव देतो, वय देतो, आठवणी देतो, विनोदबुद्धीसुद्धा देतो. साहित्य जे काम करतं असं आपण नेहमी म्हणतो, ते हेच ना? गोगलगायीपुढे गुडघे टेकणाऱ्या विद्यार्थ्याची नजर इथे पूर्ण फळाला आलेली आहे. ल्योन्सचं जे काही टिकायला हवं असं आम्हाला वाटतं, त्यात या गोष्टी सर्वांत वर आहेत.

आता पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, येनाच्या ओयगेन डीडरिश्स या प्रकाशकानं ल्योन्सची कादंबरी काढली: 'डेर वेअरवोल्फ', उपशीर्षक 'शेतकऱ्यांची बखर'. हे त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक. लाखो प्रती खपल्या.

नावापासूनच थांबावं लागतं. जर्मन भाषेत 'वेअरवोल्फ' म्हणजे माणसाचा लांडगा होणारा, आपल्या गोष्टींतल्या रूप पालटणाऱ्या भुतासारखा. त्या शब्दातला पहिला भाग 'माणूस' या अर्थाचा जुना शब्द आहे. ल्योन्सनं काय केलं, तर या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ह' घातला. उच्चार तोच राहिला, अर्थ पालटला. आता त्या पहिल्या भागाचा संबंध 'स्वतःचा बचाव करणं' या क्रियापदाशी जुळतो. म्हणजे माणूस-लांडगा नाही, बचाव करणारा लांडगा. जनावर झालेल्या माणसाची भीतीदायक कल्पना एका अक्षरात सद्गुण बनली. आमच्या मते सगळी कादंबरी या एका अक्षरात सामावलेली आहे.

कथा तीस वर्षांच्या युद्धातली, म्हणजे १६१८ ते १६४८. भाडोत्री सैन्यं जर्मन मुलखातून इकडून तिकडे फिरताहेत. पगार वेळेवर नाही, तेव्हा पोट भरायचं ते वाटेत लागणाऱ्या गावावर. कुठल्या पक्षाचं सैन्य आहे यानं शेतकऱ्याला फरक पडत नाही, गोठा रिकामा होतो तो होतोच. माळावरच्या ओड्रिंगेन गावात हार्म वुल्फ हा तरुण, हसतमुख शेतकरी आहे. लुटारू येतात, घर जळतं, त्याची बायको आणि मूल जीवानिशी जातात. मग हार्म आणि आसपासचे शेतकरी एकत्र येतात. दलदलीच्या मध्यात, वाट माहीत असल्याशिवाय पोहोचता येणार नाही अशा जागी, ते नवी वस्ती वसवतात. टेहळणी बसवतात, खुणेचे इशारे ठरवतात. आणि माळावर जो अनोळखी दिसेल त्याला मारू लागतात. आधी थोडे असतात, मग शंभराच्या वर जातात. युद्ध संपेपर्यंत हे चालतं.

मान्य करायला हवं, की हे पुस्तक हातातून सुटत नाही. भाषा बखरीची, तुटक, कोरडी. मधे मधे उत्तर जर्मनीच्या बोलीतले शब्द. शेतकऱ्यांचं बोलणं कमी आणि नेमकं. माळ, धुकं, घुबडाचा आवाज, दलदलीचा वास, सगळं दोन-दोन शब्दांत उभं राहतं. आणि सुरुवातीचा अन्याय खरा आहे. त्या युद्धात शेतकऱ्यांचे हाल झाले ते इतिहासात नोंदलेले आहेत. ज्याचं घर जळलं त्यानं काठी उचलली तर आपण कोण त्याला नावं ठेवणार? वाचक म्हणून आपण हार्मच्या बाजूनं उभे राहतो, आणि तसं उभं राहणं गैर नाही.

पण मग कादंबरी काय करते ते बारकाईनं बघा. पहिल्यांदा मारला जातो तो ज्यानं लुटलं तो. नंतर मारला जातो तो जो लुटेल अशी शंका आहे तो. आणि मग मारला जातो तो जो केवळ आपला नाही. यात फक्त सैनिक नाहीत. भटके आहेत, जिप्सी म्हणून ओळखले जाणारे रोमा लोक आहेत. आणि या तीन पायऱ्या उतरताना कादंबरीचा सूर जराही बदलत नाही. फाशी देणं हे शेतीतल्या एका कामासारखं येतं. गवत कापलं, पेंढ्या बांधल्या, चौघांना लटकवलं. वर एखादा विनोद. वाचक पहिल्या पायरीवर जो होकार देतो, तोच होकार ही कादंबरी पुढच्या पायऱ्यांवर वापरत राहते, नव्यानं विचारत नाही.

इथे म्युमेलमान आठवा. सशाला नाव होतं, वय होतं, आठवणी होत्या. या कादंबरीत फासावर जाणाऱ्या माणसांना यातलं काहीएक नाही. ते कुठून आले, का आले, कुणाचे कोण, त्यांच्यातला एखादा स्वतःच्या जळलेल्या गावातून पळालेला शेतकरी होता का, यातलं आपल्याला काही कळत नाही. तीस वर्षं चाललेल्या त्या युद्धात लुटला गेलेला शेतकरीच पुढे सैन्यात शिरून लुटारू होत असे, कारण खायला दुसरीकडे मिळत नव्हतं. हार्म वुल्फ आणि त्याच्या फासावरचा माणूस यांच्यात एका वाईट हंगामाचं अंतर असू शकलं असतं. त्या अंतरातच खरी कादंबरी होती. ल्योन्सनं तिथे पाऊल टाकलं नाही.

म्हणजे त्याला ते जमलं नसतं असं नव्हे. जमत होतं, हे सशाच्या गोष्टीनं सिद्ध केलं आहे. म्हणूनच आम्ही याला कौशल्यातली उणीव म्हणत नाही, निवड म्हणतो.

या निवडीमागचा विचार त्याच्या इतर लेखनात स्पष्ट दिसतो. निसर्गरक्षणाच्या प्रश्नावर तो तळमळीनं बोलायचा. हे रक्षण नुसतं कागदावर चाललंय, दोन झाडं वाचवायची आणि अख्खा मुलूख नांगराखाली घालायचा, अशी त्याची टीका होती आणि ती रास्त होती. पण त्याच दमात तो निसर्गाचं रक्षण म्हणजे वंशाचं रक्षण असंही मांडतो. माळावरचा शेतकरी त्याला माळावरच्या जुनिपरसारखा वाटतो: त्याच जागी उगवलेला, दुसरीकडे न रुजणारा, शुद्ध. एकदा माणसाला झाड मानलं की बाहेरून येणारा माणूस आपोआप तण ठरतो. तण उपटताना त्याचं नाव कोण विचारतं?

आता याच दाव्याची परीक्षा माळावरच घेऊ, कारण माळच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. हा माळ आदिम नाही. तिथे मुळात जंगल होतं. माणसानं शतकानुशतकं झाडं तोडली, मेंढ्या चारल्या, आणि वरचा मातीचा थर हीथरच्या मुळांसकट सोलून काढून गोठ्यात अंथरला, मग तोच शेणामुतात भिजलेला थर खत म्हणून शेतात टाकला. या सततच्या ओरबाडण्यानं जमीन निकस झाली आणि तिच्यावर हीथर पसरला. ल्योन्सच्या काळात रासायनिक खत आलं, लोकरीचे भाव पडले, मेंढ्या कमी झाल्या आणि माळ नाहीसा होऊ लागला, कारण तो जुन्या शेतीपद्धतीचं अपत्य होता. १९०६ मध्ये विल्हेल्म बोडे नावाच्या पाद्र्यानं टोटेनग्रुंड ही दरी विकत घेण्याचा व्यवहार जुळवून आणला, १९०९ मध्ये निसर्गउद्यानासाठी संस्था निघाली, ल्योन्सनंही या कामाला लेखणी दिली. त्या प्रयत्नांमुळे माळ उरला. आणि आजही तो राखायचा तर मेंढ्या चाराव्या लागतात, नाहीतर काही वर्षांत बर्च आणि पाइन उगवून जंगल परत येतं.

ल्योन्सला ज्यात सनातन, अस्पर्श अशी माती दिसली, ती प्रत्यक्षात माणसाच्या गरजांनी आणि व्यवहारांनी घडवलेली जमीन होती. मुलखावर प्रेम करायला तो शुद्ध असावा लागत नाही, हे त्या माळावर रोज चरणाऱ्या मेंढ्या सांगत होत्या. निसर्गाचा अभ्यासक असूनही ल्योन्सनं ते आपल्या कादंबरीत येऊ दिलं नाही.

निष्पक्ष राहायचं तर एक गोष्ट सांगायलाच हवी. हार्म वुल्फला ल्योन्स सुखात ठेवत नाही. सुरुवातीचा हसरा हार्म कादंबरीच्या शेवटी उरलेला नसतो. इतकी वर्षं मारत राहिल्यावर माणसाच्या आत काय होतं, याची चाहूल लेखकाला आहे. आम्हाला हीच पानं कादंबरीतली सर्वांत खरी वाटतात. पण तिथेही दुःख आहे ते मारणाऱ्याचं, आपल्या माणसाचं. मेलेले नाव नसलेलेच राहतात. 'बिचाऱ्याला काय काय करावं लागलं' हा सूर दिसायला पश्चात्तापासारखा असतो. तो पश्चात्ताप नसतो.

मराठी वाचकाला इथे आपली प्रादेशिक कादंबरी आठवल्यावाचून राहत नाही, आणि एक तुलना खरोखर उपयोगाची आहे. व्यंकटेश माडगूळकर. तेही शिकारी, तेही रानातल्या जिवांचे अभ्यासू लेखक. माकडांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर' लिहिणारे. त्यांची 'बनगरवाडी' १९५५ ची. तिथेही माळ आहे, मेंढ्या आहेत, स्वतःत मिटलेली वस्ती आहे. पण गोष्ट सांगतो तो बाहेरून आलेला पोरसवदा मास्तर. आपण परके आहोत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं आणि वाचकालाही. आणि वस्तीत भुरट्या चोऱ्या करणारा आनंदा रामोशी आहे. ज्या जमातीवर गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेला, तिथला हा माणूस. माडगूळकर त्याला माणूस म्हणून जवळून बघतात. मुलखावरची माया तिथेही कमी नाही. तेव्हा मुलखाची कादंबरी लिहायची म्हणजे कुंपण घालावंच लागतं, हे खरं नाही.

आता ल्योन्सचा शेवट आणि शेवटानंतरचं. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. ल्योन्स अठ्ठेचाळिशीला टेकलेला, तब्येत खालावलेली. तरी धडपड करून तो स्वयंसेवक म्हणून सैन्यात शिरला. २६ सप्टेंबर १९१४ ला फ्रान्समध्ये रेम्स शहराजवळच्या ल्वाव्र गावापाशी तो मारला गेला. आघाडीवर त्याला मोजके आठवडे मिळाले. जिथे त्याला मरण आलं ती जमीन फ्रेंच शेतकऱ्यांची होती आणि तिथे परका सैनिक तोच होता. त्याच्या कादंबरीच्या नियमानं पाहिलं, तर त्या शेतात तो कुणाच्या जागी उभा होता हे वेगळं सांगायला नको.

नाझी पक्ष स्थापन झाला त्याआधी काही वर्षं हा माणूस गेला होता. त्यामुळे त्याला नाझी म्हणणं अर्थशून्य आहे. पण सत्तेवर आल्यावर त्या मंडळींनी त्याला किती हौसेनं आपलासा केला! फ्रान्समधल्या एका शेतात सापडलेल्या अस्थी त्याच्याच असल्याचं ठरवून त्या जर्मनीत आणल्या गेल्या. ऑगस्ट १९३५ मध्ये वाल्सरोडेजवळच्या जुनिपरच्या राईत लष्करी इतमामात त्यांचं दफन झालं. त्या अस्थी खरोखर त्याच्या होत्या का, याबद्दल तेव्हापासून शंका घेतली जाते. त्याच्या 'डेर क्लाइने रोझेनगार्टन' या १९११ च्या गीतसंग्रहातल्या एका खलाशी-गीताला हेर्म्स नीलनं चाल लावली आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडविरुद्धचं गाणं म्हणून ते रेडिओवर वाजत राहिलं. १९४४ मध्ये शत्रूच्या पिछाडीला गनिमी कावा करण्यासाठी जी योजना आखली गेली तिचं नाव 'वेअरवोल्फ' होतं. त्या नावामागे या कादंबरीची छाया असल्याचं अनेक अभ्यासक मानतात.

आणि तो माळ? १९३५ पासून त्याच माळावर बेर्गनजवळ मोठं लष्करी सरावमैदान उभं राहिलं. त्यासाठी कित्येक जुनी शेतकरी गावं उठवली गेली. म्हणजे ज्यांनी माती आणि रक्ताची भाषा सर्वांत मोठ्यानं वापरली, त्यांनीच माळावरच्या खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याला त्याच्या मातीवरून हलवलं. त्या मैदानाच्या कडेला पुढे बेर्गन-बेल्झनची छावणी झाली. त्या छळछावणीत ५० हजारांहून अधिक कैदी मेले. त्यात ज्यू होते, रोमा होते, ॲन फ्रँक होती. त्याआधी तिथेच सुमारे २० हजार सोव्हिएत युद्धकैदी उपासमारीनं आणि रोगराईनं गेले होते. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य तिथे पोहोचलं. ४ मे रोजी त्याच ल्यूनेबुर्गच्या माळावर माँटगोमेरीपुढे उत्तरेकडच्या जर्मन सैन्यानं शरणागतीवर सही केली.

एका कादंबरीनं ही छावणी उभी केली, असं आम्ही म्हणत नाही. कादंबऱ्यांच्या अंगात तेवढं बळ नसतं, आणि असा आरोप केला की खऱ्या गुन्हेगारांची सुटका होते. कादंबरी याहून लहान काम करते, पण ते चिवट असतं. कुणाचं मरण आपल्या डोळ्यांसमोर यावं आणि कुणाचं येऊ नये, याची ती सवय लावते. लाखो वाचकांनी दिव्याच्या उजेडात, सुखरूप खोलीत बसून, नाव नसलेल्या परक्यांना फासावर जाताना वाचलं आणि पान उलटलं. त्यात त्यांना काही खटकलं नाही. या न खटकण्याला ल्योन्सनं आपली सगळी शैली दिली, ही त्याची जबाबदारी. ती नाझींच्या खात्यावर टाकून त्याला मोकळं करता येत नाही.

युद्धानंतर काय झालं तेही थोडक्यात सांगू. १९५१ मध्ये 'ग्र्युन इस्ट डी हायडे' हा सिनेमा आला, हिरवाकंच माळ, गाणी, शिकारी, भोळं प्रेम. ल्योन्सच्या लेखनातून सूत्रं घेतलेला हा सिनेमा तुफान चालला. हरलेल्या, घरंदारं गमावलेल्या देशाला पुन्हा एकदा हायमाट हवं होतं. आता लांडगा नको होता, फक्त जांभळा माळ हवा होता. हेही वाचनच झालं, पण अर्धं. लांडग्याला बाजूला ठेवून माळ उचलला की तो प्रश्नही बाजूला राहतो.

मग ल्योन्स वाचावा का? आमचं उत्तर होय असं आहे, आणि दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावा. नुसता 'म्युमेलमान' वाचला तर एक गोड निसर्गलेखक मिळेल. नुसता 'वेअरवोल्फ' वाचला तर एक क्रूर राष्ट्रवादी मिळेल. दोन्ही एकाच हातानं, एका वर्षाच्या अंतरानं लिहिली आहेत, हे कळलं की मग वाचकाला अस्वस्थ व्हावं लागतं. कारण त्यातून दिसतं, की संवेदनशीलता असणं आणि ती सगळ्यांना लागू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडासाठी, पाखरासाठी, सशासाठी ज्याचं मन हळवं आहे, तो माणसासाठी हळवा असेलच, असं आपण गृहीत धरतो. ल्योन्स हे गृहीतक मोडतो.

आणि हे जर्मन साहित्यापुरतं नाही. जिथे जिथे 'आपण' हा शब्द फार प्रेमानं उच्चारला जातो, तिथे वाचकानं एक साधी चौकशी करावी: या पुस्तकात मरणाऱ्यांपैकी नाव कुणाकुणाला आहे? यादी करावी. ज्यांना नाव नाही त्यांच्याकडे परत जाऊन ते पान पुन्हा वाचावं. 'वेअरवोल्फ'बाबत आम्ही ते केलं, तेव्हा नावांची यादी छोटी झाली आणि नाव नसलेल्यांची गणती मधेच सोडावी लागली.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.